मेरीलँडचा माथियस डिसोजा

डिसोजा हे आडनाव वसईकरांस नवे नाही. परंतु ते इ. स. १६३४ साली उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर आढळावे, याचे नवल वाटून आम्ही त्या गृहस्थाचा माग काढू लागलो.

लॉर्ड बाल्टिमोर यांची मेरीलँड वसाहत वसविण्यास ‘आर्क’ व ‘डव्ह’ ही जहाजे निघाली. २५ मार्च १६३४ रोजी, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणादिवशी, सेंट क्लेमेंट्स बेटावर येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाईट यांनी मिस्सा अर्पण केली. माथियस हा त्यांच्याच चाकरांपैकी. प्रवासखर्चाच्या मोबदल्यात काही वर्षे राबण्याच्या कराराने आलेला.

आम्हां धर्मगुरूंस माणूस शोधायचा तर बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या पुरतात. येथे त्या नाहीतच. माथियस प्रथम दिसतो तो जमिनीच्या दाव्यात. आणलेल्या माणसांच्या संख्येवर जमीन मिळे. म्हणून येशूसंघीयांनी नावे दिली आणि याच्या नावापुढे ‘मुलाटो’, म्हणजे मिश्रवर्णीय, असे लिहिले गेले.

पुढे तो मुक्त झाला. सन १६४२ च्या कोर्टातील त्याची साक्ष हा आमच्या मते सर्वांत मोलाचा कागद. फादर पोल्टन यांच्या सांगण्यावरून आदल्या वर्षी आपण तांडेल व व्यापारी म्हणून त्यांचे गलबत घेऊन सस्क्वेहॅनॉक लोकांकडे गेलो, केंट बेटावर माणसे भाड्याने घेतली, सुमारे दोन महिने बाहेर राहिलो आणि एकदा जिवावरच बेतले असता सोबत्यांनी वाचविले, असे तो सांगतो. आठ वर्षांपूर्वीचा चाकर आता इतरांस कामावर ठेवीत होता!

त्याच वर्षी मार्चमध्ये तो मुक्त नागरिकांच्या सभेत हजर होता. (तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला पालटे, म्हणून दप्तरात साल १६४१ दिसते.) यावरून त्यास अमेरिकेतील पहिला आफ्रिकी वंशाचा विधिमंडळ सदस्य म्हणतात. आम्ही जपून बोलू. त्या सभेला निवडून यावे लागत नसे. मुक्त पुरुषास तेथे बसता येई. तसेच पोर्तुगीज आडनावावरून जन्मभूमी ठरत नाही, हे वसईकरांस कोणी सांगायला नको.

वर्ष सरण्याआधी तो कर्जात बुडाला, आणि ते फेडण्यासाठी वसाहतीचे सचिव जॉन ल्यूगर यांची चाकरी त्याच्या वाट्याला आली. त्यानंतर त्याचे नाव कोठेच येत नाही. सन १६४५ मध्ये रिचर्ड इंगल याने सेंट मेरीज लुटले. फादर व्हाईट यांस साखळदंड घालून इंग्लंडला नेण्यात आले, आणि वसाहतीचे पुष्कळ कागद त्याच धामधुमीत नाहीसे झाले.