जुन्या रिव्हॉल्व्हरचें वय

जुन्या रिव्हॉल्व्हरवर साल कोरलेलें दिसलें कीं त्याचें वय समजलें, असें पुष्कळांस वाटतें. अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ ते १८८२ पर्यंत केलेलें सात गोळ्यांचें पहिल्या नंबरचें रिव्हॉल्व्हर पाहा. त्यावर ३ एप्रिल १८५५ ही तारीख आढळते; पण ती त्याची जन्मतिथि नव्हे. फिरत्या चक्राला आरपार भोकें पाडून मागून काडतुसें भरण्याच्या युक्तीचें पेटंट रोलिन व्हाइट यास मिळालें, तो हा दिवस. वय सांगतो तो आकार. नळी गोल, चक्रावर पन्हळी आणि मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी असेल, तर तें १८६८ किंवा त्यानंतरचें. नळी अष्टकोनी असून सांगाड्याच्या बाजू गोलसर असतील तर सुमारें १८६० पर्यंतचें; सपाट असतील तर मधल्या काळांतलें.

बिचाऱ्या व्हाइटला मात्र ती तारीख महाग पडली. दर नगामागें त्याला पंचवीस सेंट मिळत. पण नक्कल करणारांवरील दाव्यांचा खर्च करारान्वयें त्याच्याच शिरावर! मिळकतीचा मोठा भाग त्यांतच गेला. १८६९ सालीं पेटंट संपलें. मुदतवाढीची वाट मोकळी करणारें काँग्रेसचें बिल अध्यक्ष ग्रँट यांनीं १८७० सालीं नामंजूर केलें. या पेटंटामुळें यादवी युद्धांत सरकारची अडचण झाली, असें लष्कराच्या शस्त्रखात्याचें म्हणणें होतें.