लॉर्ड डर्बींनी हिशोब मागितला, आणि हिशोब उलटला

आजची गोष्ट आहे इंग्लंडच्या एका बड्या जमीनदाराची. एडवर्ड हेन्री स्टॅन्ली, म्हणजेच डर्बीचे पंधरावे अर्ल. जन्म १८२६ चा, लिव्हरपूलजवळच्या नोस्ली हॉलमधला. वडील तीन वेळा पंतप्रधान. स्वतः स्टॅन्लीही आपल्याला अगदीच परके नाहीत. १८५८ मध्ये कंपनी सरकार संपलं, तेव्हा भारताचे पहिले ब्रिटिश मंत्री हेच झाले. बसायचे मात्र लंडनमध्ये!

१८६९ मध्ये वडील गेले आणि सगळी जहागीर यांच्याकडे आली. तेव्हा इंग्लंडमध्ये एक वाद पेटला होता: देशाची जमीन मूठभर लोकांच्या हातात आहे का? टीकाकार बोट दाखवायचे १८६१ च्या जनगणनेकडे. तिच्यात जमीनमालक होते जेमतेम ३० हजार. पण हा आकडा फसवा होता. 'व्यवसाय: जमीनमालक' असं लिहिणारेच त्यात मोजले गेले होते. जमीन असलेला दुकानदार किंवा वकील त्यात आलाच नव्हता.

डर्बींना वाटलं, खरी मोजणी झाली की टीकाकारांची तोंडं बंद होतील. म्हणून १८७२ मध्ये त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मागणी केली, सगळ्या मालकांची यादी काढा.

आता गंमत बघा. आपल्याकडे इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकातच इंग्रजांनी शेतन् शेत मोजून सारा ठरवायला सुरुवात केली होती. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र कोणाची जमीन किती, याची एकत्र यादीच नव्हती! शेवटी गावोगावच्या कराच्या नोंदींवरून ती तयार झाली.

१८७५ मध्ये इंग्लंड-वेल्सचे आकडे आले. लंडन सोडून मालक ९,७२,८३६. म्हणजे डर्बी जिंकले? थांबा. त्यातल्या ७ लाखांहून जास्त लोकांकडे एक एकरसुद्धा नव्हता. मग जॉन बेटमन नावाच्या एका जमीनदारानेच ही यादी तपासून बड्या मालकांचं पुस्तक काढलं. त्यात खुद्द डर्बींच्या नावावर होते सुमारे ६९ हजार एकर!

यादीत चुका होत्या, काही नावं दोनदा आली होती. तरी आता वाद अंदाजावर नाही, छापील आकड्यांवर होऊ लागला. पुढे जमीन सुधारणा मागणाऱ्यांनी हेच आकडे वापरले. डर्बी १८९३ मध्ये नोस्लीलाच वारले. मोजणी त्यांनी मागितली होती, पण उत्तर काय यावं हे त्यांच्या हातात नव्हतं.