मांडीवरच्या पिल्लाचा मोठा इतिहास

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी घरांत हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलांच्या शाळा, घराचे हप्ते आणि भारतात जायची तिकिटं, हे तीन विषय संपले की चौथा येतो, "कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं का?" मुलांचा हट्ट असतो, आईबाबांना कामाची धास्ती असते, आणि शेवटी तोडगा निघतो, "घेऊ या, पण अगदी छोटं!"

या छोट्या जातींना इथे 'टॉय ब्रीड' म्हणतात. टॉय म्हणजे खेळणं. नाव इतकं निरुपद्रवी की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही! मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. एखादी सिस्टिम अशी का वागते हे कळायला आधी तिचा इतिहास पाहावा लागतो, ही आमच्या धंद्यातली सवय. तीच सवय इथेही कामी येते. मांडीवर मावणाऱ्या या प्राण्यामागे युद्ध आहे, राजवाडे आहेत, कापडाच्या गिरण्या आहेत आणि कोर्टकचेऱ्यासुद्धा आहेत.

सुरुवात अगदी मुळापासून करू. कुत्री लहान का राहतात, याचा एक मोठा धागा २००७ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागला. शरीराची वाढ ठरवणाऱ्या 'आयजीएफ-१' या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार छोट्या जातींत सर्रास सापडतो. २०२२ साली त्याहून नवलाची गोष्ट कळली. लहानपणाशी जोडलेला हा फरक सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही होता! म्हणजे माणसाने कुत्रा पाळला त्याच्या कितीतरी आधीपासून लहानपणाचं बीज लांडग्यांत होतं. माणसाने ते फक्त वेचलं. पहिल्या शतकातल्या रोममध्ये मार्शल या कवीने मित्राच्या 'इस्सा' नावाच्या लाडक्या छोट्या कुत्रीवर कविता केली होती, इतकी ही हौस जुनी.

आता येऊ या १८६० सालात. दुसऱ्या अफू युद्धात इंग्रज आणि फ्रेंच फौजा पेकिंगजवळच्या चिनी बादशहाच्या ग्रीष्म महालात शिरल्या. इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी शिपाईही होते. महाल लुटला गेला आणि मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळला गेला. त्या लुटीत राजघराण्याची छोटी पेकिनीज कुत्री सापडली. त्यातली एक कॅप्टन डन याने राणी व्हिक्टोरियाला नजर केली. तिचं नाव काय ठेवलं असेल? 'लूटी'! 'लूट' हा आपल्याकडचाच शब्द इंग्रजांनी आधी उचलला आणि मग त्याने चीनमधून आणलेल्या कुत्रीचं बारसं केलं. १८७२ साली ती वारली. आजही पेकिनीज आपल्याच तोऱ्यात असतो. हाक मारल्यावर धावत येईलच असं नाही. पिढ्यान् पिढ्या राजवाड्यात काढल्यावर दुसरं काय होणार!

पॉमेरेनियनची गोष्ट वेगळी. तो स्पिट्झ कुळातला, उत्तरेकडच्या थंडीत राहणाऱ्या, राखण करणाऱ्या कुत्र्यांचा वंशज. पूर्वी तो चांगला मोठा असे. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून 'मार्को' नावाचा छोटा पॉम आणला आणि १८९१ च्या पहिल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आपले पॉम मांडले. मग काय, राणीला आवडतं ते सगळ्यांना हवं! छोट्या पॉमची फॅशन आली आणि जातीचा आकार घटत गेला. आकार घटला तरी राखणदारीचा स्वभाव राहिला, म्हणूनच दारावर पोस्टमन आला की एवढासा जीव घर डोक्यावर घेतो. आपल्यापैकी अनेकांच्या पुण्या-मुंबईच्या शेजारी एक पांढरा 'पॉम' असायचा. तो बहुतेक वेळा 'इंडियन स्पिट्झ' असे, याच कुळातला. 'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवतोय ना? तोच. आणि २००३ साली हचच्या जाहिरातीतल्या पगने तर भारतभर चपट्या नाकाच्या कुत्र्यांची लाट आणली.

यॉर्कशायर टेरियर मात्र राजवाड्यातला नव्हे, कामगार वस्तीतला. स्कॉटलंडहून यॉर्कशायरच्या गिरण्यांत पोट भरायला आलेल्या विणकरांबरोबर छोटे टेरियर आले. त्यांचं काम उंदीर मारणं. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा 'हडर्सफील्ड बेन' १८६५ साली जन्मला आणि १८७१ साली गाडीखाली सापडून गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने सौंदर्याच्या स्पर्धा आणि उंदीर मारण्याच्या शर्यती दोन्ही जिंकल्या. तेव्हा केसांना रिबन बांधलेली यॉर्की बागेत आपल्या चौपट कुत्र्यावर धावून गेली, तर नवल वाटून घेऊ नका.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल सर्वांत लोभस आणि त्याची कहाणी सर्वांत बोलकी. जुन्या चित्रांतले लांब नाकाचे स्पॅनियल फॅशनपायी चपट्या नाकाचे झाले होते. १९२६ साली रॉस्वेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने क्रफ्ट्समध्ये जुन्या वळणाच्या कुत्र्यासाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. त्यातून आजची जात उभी राहिली, पण मोजक्याच पूर्वजांवर. बंद कुळात दोषही फिरत राहतात. हृदयाच्या झडपेचा विकार आणि कवटी अपुरी पडल्यामुळे होणारा मज्जारज्जूचा त्रास या जातीत फार आढळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची चालू पद्धतीची पैदास प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला.

हा झाला जातीचा इतिहास. पण प्रत्येक पिल्लाला स्वतःचाही एक छोटा इतिहास असतो, पहिल्या बारा आठवड्यांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले आणि कान बंद. दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ऐकू येऊ लागतं. त्यानंतरचे दिवस सोन्याचे! अमेरिकेतल्या बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू आपलं कोण, परकं कोण हे शिकतं. तिथल्याच १९६१ सालच्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाशिवाय वाढलेली पिल्लं पुढे रानटी जनावरांसारखी बुजरी राहिली.

छोट्या जातींत हे दिवस जास्तच नाजूक. अंगात चरबीचा साठा कमी, त्यामुळे जेवण चुकलं तर रक्तातली साखर एकदम उतरते. पिल्लू थरथरतं, लटपटतं, मलूल होतं. अशा वेळी ताबडतोब डॉक्टर गाठायचा. खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. थंडी चटकन बाधते. दुधाचे दात वेळेवर न पडणं, गुडघ्याची वाटी सरकणं हेही नेहमीचं. श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळपट्ट्याऐवजी हार्नेस बरा. चिवावाच्या टाळूवर तर तान्ह्या बाळासारखी मऊ जागा असू शकते. आणि छोटा आहे म्हणून सतत कडेवर ठेवलं, तर ते जग पाहणार कधी? आवाज, पायऱ्या, पाहुणे, सगळ्याची ओळख हळूहळू व्हायलाच हवी.

म्हणूनच पिल्लू कुठून आलं, हा प्रश्न कळीचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये इथे पिल्लांची मागणी अतोनात वाढली आणि अनेक घरांनी आई न पाहताच पिल्लं आणली. त्याच वर्षी ६ एप्रिलला इंग्लंडमध्ये 'लूसीज लॉ' लागू झाला. लूसी ही एक कॅव्हेलियर. पिल्लांच्या कारखान्यात पिंजऱ्यात सतत विण्यासाठी वापरलेली, हालहाल झालेली आणि शेवटी सुटका झालेली. तिच्या नावाच्या कायद्याने सहा महिन्यांखालची पिल्लं दलालांनी विकणं बंद झालं. परवानाधारक ब्रीडर आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकू शकत नाही.

तर मंडळी, यंदा कोणाच्या घरी हट्ट सुरू असेल, तर रंग आणि किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी करा. पिल्लाला त्याच्या आईजवळ, जन्मलेल्या घरी पाहा. आईवडिलांच्या तपासण्यांचे कागद मागा. आणि 'टीकप' म्हणून मुद्दाम आणखी खुजं केलेलं पिल्लू कोणी देऊ केलं, तर नम्रपणे नाही म्हणा. लूटीपासून लूसीपर्यंत १६० वर्षं या जिवांनी आपल्या हौसेची किंमत मोजली. छोट्या जातीची कुत्री सहसा मोठ्यांपेक्षा जास्त जगतात, बारा-पंधरा वर्षंसुद्धा. आज हट्ट करणारं लेकरू युनिव्हर्सिटीत जाईल, तेव्हाही दारात शेपटी हलवत कोणीतरी उभं असेल. ती वर्षं सुखाची जावीत, एवढं बघणं मात्र आपल्याच हातात आहे!