परीक्षेचं पॅड आणि सॉ मिलचा धूर

दहावीच्या पेपरला आपण सगळेच एक तपकिरी पॅड घेऊन बसलो आहोत. वर लोखंडी क्लिप, एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला जाळीची नक्षी. फोटोच्या फ्रेममागे, जुन्या रेडिओच्या पाठीलाही हेच असायचं. दुकानात त्याला हार्डबोर्ड म्हणतात. त्याचं मूळ नाव मेसोनाइट, आणि तो जन्माला आला सॉ मिलच्या कचऱ्यातून.

हे आठवायला कारण घडलं. परवा रात्री बायपासला गाडी थांबवावी लागली. एका सॉ मिलमागचा ढीग पेटवला होता. साली, ढलप्या, भुसा, सगळं एकत्र. धुरात समोरचा ट्रक दिसेना. मागे बसलेली मुलगी खोकून हैराण.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल या छोट्या गावात असेच ढीग होते. गाव पाइनच्या लाकडावर उभं राहिलं होतं. सॉ मिलवाल्यांनी आसपासचं जंगल झपाट्याने तोडलं. १९२० नंतर लाकूड संपत आलं आणि गावाचं पुढे काय, ही चिंता सुरू झाली. तरीही रोजचा कचरा जाळणं चालूच होतं.

थॉमस एडिसनकडे काम केलेले विल्यम मेसन नावाचे इंजिनिअर तिथे होते. जळणारं ते लाकूड त्यांना बघवेना. त्यांनी ढलप्या एका मजबूत लोखंडी नळकांड्यात भरल्या, वाफ सोडली, दाब दर चौरस इंचाला १००० पौंडांपर्यंत नेला आणि झडप एकदम उघडली. भट्टीत ज्वारीची लाही फुटते, तसं लाकूड आतून फुटलं. हाती आला मऊ तंतूंचा लगदा. ना ॲसिड, ना कॉस्टिक. फक्त वाफ.

पुढची गोष्ट अशी सांगतात की लगद्याचा ओला थर गरम प्रेसमध्ये ठेवून मेसन जेवायला गेले. वाफेची झडप गळत होती, त्यामुळे प्रेस तापतच राहिला. परत आले तर आत कडक, पातळ फळी तयार! लाकडात लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक असतो, त्यानेच तंतू पुन्हा चिकटले होते. पॅडच्या मागची जाळीची नक्षी आहे ना, ती वाफ आणि पाणी निघून जावं म्हणून खाली ठेवलेल्या तारेच्या जाळीची. १९२५ मध्ये कंपनी निघाली, १९२६ मध्ये माल बाजारात आला. लाकूड संपत आलेल्या गावाला नवा धंदा मिळाला.

कागदासाठी रसायनात लाकूड शिजवतात, तेव्हा हा डिंक काढून टाकावा लागतो. वजनाने साधारण निम्मंच लाकूड लगद्यात उतरतं. वाफेच्या पद्धतीत त्याहून बरंच जास्त हाती लागतं.

पण ही पद्धत अगदी निर्मळ होती असंही नाही. लाकडातली साखर पाण्यात उतरते. तसं पाणी ओढ्यात सोडलं तर त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पुढे हे पाणी आटवून काकवीसारखा पाक करू लागले आणि तो जनावरांच्या खाद्यात जाऊ लागला. तोही कचरा कामाला आला.

आता आपल्याकडे या. कोणी लगेच कारखाना काढा असं मी म्हणत नाही. पहिली पायरी अगदी साधी आहे: ढीग वेगळे करा. लगद्याला लांब तंतू लागतो, म्हणून ढलप्या आणि तुकडे वेगळे, साल काढलेले हवेत. भुशात करवतीने तंतू तुटलेले असतात, त्याचा चांगला लगदा होत नाही. पण त्याच भुशाच्या ब्रिकेट, म्हणजे आपला ‘पांढरा कोळसा’, बॉयलरला चालतात. सगळं एकत्र कालवलं, त्यात माती आणि प्लास्टिक पडलं, की कुठलाच गिऱ्हाईक उभा राहत नाही. मग उरते फक्त काडी.

लॉरेलला जाग आली तेव्हा जंगल जवळपास संपलं होतं. आपल्या तालुक्यात बांधावरची बाभूळ, कडुनिंब, आंबा रोज ट्रॅक्टरमधून सॉ मिलला जाताना दिसतो. झाड तर गेलंच. निदान त्याचा उरलेला भाग आपल्या पोरांच्या छातीत धूर होऊन जाऊ नये, एवढं नगरपालिकेने आणि सॉ मिलवाल्यांनी एकत्र बसून ठरवायला काय हरकत आहे?