अणुचाचणीबंदीचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न (१९५४–१९९६) : पडताळणीचा प्रश्न – अडथळा की आडोसा?

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर निःशस्त्रीकरणासाठी ज्या अनेक वाटाघाटी झाल्या, त्यांत अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींचे स्थान वेगळे आहे. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट घडवून आणला गेला. तेव्हापासून आजवर जगात दोन हजारांहून अधिक चाचण्या झाल्या आहेत. चाचण्या थांबवाव्यात ही मागणी १९५४ मध्ये शासकीय पातळीवरून पुढे आली आणि सर्वंकष बंदीचा करार सह्यांसाठी खुला होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. या बेचाळीस वर्षांच्या विलंबाचे एक ठरीव उत्तर दिले जाते : चोरून केलेली चाचणी ओळखण्याचे खात्रीचे साधन उपलब्ध नव्हते. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी करावयाची आहे. पडताळणीची अडचण खरी होती, यात शंका नाही. परंतु ती जसजशी दूर होत गेली, तसतसा करार जवळ येण्याऐवजी नवनवी कारणे पुढे येत गेली. त्यामुळे हा प्रश्न कितपत अडथळा होता आणि कितपत आडोसा, हे पाहणे आवश्यक ठरते.

बिकिनी बेटावरील स्फोट आणि भारताचा प्रस्ताव

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची शक्ती सुमारे १५ मेगॅटन, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या जवळजवळ हजारपट भरली. शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षा ती सुमारे अडीचपट अधिक होती. किरणोत्सारी राख रोंगेलाप बेटावरील रहिवाशांवर पडली, तसेच धोक्याच्या घोषित क्षेत्राबाहेर टुना मासे पकडणाऱ्या एका जपानी नौकेवरही पडली. ‘भाग्यशाली ड्रॅगन क्रमांक ५’ असे नाव असलेल्या त्या नौकेवर २३ खलाशी होते. त्यांपैकी आइकिची कुबोयामा या बिनतारी यंत्रचालकाचा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मृत्यू झाला. जपानमध्ये मासळीबाजार ओस पडले. अण्वस्त्रविरोधी निवेदनावर वर्षभरात तीन कोटींहून अधिक सह्या गोळा झाल्या.

या पार्श्वभूमीवर २ एप्रिल १९५४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत चाचण्या आहे त्या ठिकाणी थांबविण्याचा प्रस्ताव मांडला. या प्रस्तावाचे महत्त्व त्यातील एका विभाजनात आहे. तोपर्यंत चाचण्यांचा विचार सर्वसाधारण निःशस्त्रीकरणाचे एक अंग म्हणून होत असे. एकमेकांवर विश्वास नसलेल्या राष्ट्रांत ते निःशस्त्रीकरण कधी होणार, याचा नेम नव्हता. अंतिम करार होईल तेव्हा होवो, तोपर्यंत निदान स्फोट तरी थांबवा, असे नेहरूंचे म्हणणे होते. चाचणीचा प्रश्न निःशस्त्रीकरणाच्या प्रश्नापासून सोडवून घेणारी ही मांडणी होती. ४२ वर्षांनी भारतानेच या दोन प्रश्नांची गाठ पुन्हा घट्ट मारली, हे पुढे येणारच आहे.

नेहरूंनी हा विषय भाषणापुरता ठेवला नाही. त्यांच्या सूचनेवरून डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी अणुस्फोट व त्यांचे परिणाम या विषयावर ग्रंथ सिद्ध केला. नेहरूंच्या प्रस्तावनेसह तो १९५६ मध्ये भारत सरकारने प्रकाशित केला. अण्वस्त्रे नसलेल्या एका नवस्वतंत्र देशाच्या शासनाने हा विषय जनतेसमोर इतक्या गांभीर्याने मांडावा, ही त्या काळातील लक्षणीय घटना होती.

दूध, दात आणि लोकमत

पाश्चात्त्य देशांत चाचणीविरोधी लोकमत तयार झाले ते युद्धाच्या भीतीपेक्षाही दुधाच्या भीतीने, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. वातावरणातील स्फोटांतून बाहेर पडणारे स्ट्रॉन्शियम-९० हे मूलद्रव्य रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे वागते. ते पावसाबरोबर कुरणांत, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत उतरते. अमेरिकेतील सेंट लुई शहरात १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू झाली व अनेक वर्षे चालली. पालकांनी पाठविलेल्या दातांची संख्या लाखांत गेली. १९५० च्या दशकात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियमचे प्रमाण वाढत गेल्याचे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, जानेवारी १९५८ मध्ये लायनस पॉलिंग यांनी नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर केले होते.

या चळवळीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी होती. तिचा आक्षेप मुख्यतः किरणोत्सारी राखेवर होता. राख पडणे थांबले तर चळवळीचे काय होईल, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर मात्र अमेरिकेच्या नेवाडा चाचणीक्षेत्रात तयार होत होते. तेथे १९ सप्टेंबर १९५७ रोजी डोंगराच्या पोटात एक स्फोट पूर्णतः बंदिस्त राहील अशा रीतीने करण्यात आला.

जिनिव्हा ते मॉस्को : तपासण्यांची घासाघीस

१९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा येथे पूर्व व पश्चिम गटांतील आठ देशांचे तज्ज्ञ एकत्र आले. जगभर सुमारे १८० नियंत्रण केंद्रे उभारल्यास पाच किलोटनपर्यंतचे स्फोट बऱ्याच अंशी ओळखता येतील, असा अहवाल त्यांनी दिला. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही गटांच्या शास्त्रज्ञांनी एका कागदावर सही करावी, हे असाधारण होते. त्याच वर्षाच्या अखेरीपासून अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांनी चाचण्या स्थगितही केल्या.

तज्ज्ञांचा हा निष्कर्ष भूमिगत स्फोटांबाबत मात्र नेवाडातील त्या एकाच स्फोटाच्या नोंदींवर उभा होता. स्थगितीपूर्वी अमेरिकेने केलेल्या आणखी भूमिगत चाचण्यांवरून तो अंदाज फार आशावादी असल्याचे दिसून आले. लहान स्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांत फरक करणे तेव्हाच्या उपकरणांना कठीण होते. त्यातच जमिनीखालील विशाल पोकळीत स्फोट केल्यास त्याचे हादरे अनेक पटींनी मंदावतील, असा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटाने पुढे आणला. एडवर्ड टेलर यांच्यासारखे बंदीचे विरोधक त्याचे पुरस्कर्ते होते. सिद्धांत चुकीचा नव्हता. परंतु बंदी टाळू इच्छिणाऱ्यांनीच तो हिरिरीने मांडावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

यावर उपाय म्हणून संशयास्पद हादऱ्याच्या जागी जाऊन प्रत्यक्ष तपासणी करण्याची मागणी अमेरिकेने केली. सोव्हिएत संघाच्या दृष्टीने परकीय तपासनीस म्हणजे हेर. मग सुरू झाली संख्येची घासाघीस. अमेरिका वर्षाला वीस तपासण्यांवरून टप्प्याटप्प्याने सातपर्यंत खाली आली. निकिता ख्रुश्चेव्ह यांनी दोन ते तीन तपासण्या मान्य केल्या व तेथेच ते थांबले. दरम्यान सप्टेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने स्थगिती मोडली होती आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सुमारे ५० मेगॅटनचा, इतिहासातील सर्वांत मोठा स्फोट केला होता.

सात आणि तीन यांमधील अंतर तांत्रिक नव्हते. सात तपासण्यांनी ज्याची खात्री पटेल, त्याची तीन तपासण्यांनी मुळीच पटणार नाही, असे भूकंपशास्त्र सांगत नव्हते. अमेरिकी सिनेटमध्ये किती तपासण्यांचा करार संमत होईल आणि क्रेमलिनमध्ये किती तपासण्या सहन केल्या जातील, या दोन अंदाजांतील ते अंतर होते.

क्यूबातील क्षेपणास्त्र-पेचप्रसंगानंतर दोन्ही बाजूंना काहीतरी साध्य करण्याची निकड वाटू लागली. जुलै १९६३ मध्ये मॉस्को येथे अवघ्या दहा-बारा दिवसांत मसुदा तयार झाला व ५ ऑगस्टला त्यावर सह्या झाल्या. हवेत, अवकाशात व पाण्याखाली चाचण्या करण्यास बंदी झाली. भूमिगत चाचण्या वगळण्यात आल्या. त्यांतील किरणोत्सारी द्रव्य स्वतःच्या देशाच्या सीमेबाहेर जाऊ नये, एवढीच अट राहिली. ज्यावर मतभेद होता तेच वगळल्यामुळे तपासणीचा प्रश्नच उरला नाही. भारताने ऑगस्टमध्येच सही केली. फ्रान्स व चीन बाहेर राहिले.

मॉस्को करारानंतरची वर्षे

या करारामुळे वातावरणातील किरणोत्सारी प्रदूषण उतरणीस लागले, हे त्याचे निर्विवाद यश आहे. पण चाचण्या थांबल्या नाहीत. नेवाडा क्षेत्रात एकूण ९२८ चाचण्या झाल्या, त्यांपैकी ८२८ भूमिगत होत्या. कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथे ४५६ चाचण्या झाल्या, त्यांपैकी ३४० भूमिगत. जगातील एकूण चाचण्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भूपृष्ठाखाली झालेल्या आहेत. दुधातील स्ट्रॉन्शियम कमी होताच चळवळीचा जोर ओसरला. मॉस्को कराराच्या प्रास्ताविकात सर्व चाचण्या कायमच्या थांबविण्याचा संकल्प नोंदविलेला आहे; तो तेथेच राहिला.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे स्फोट केला तोही भूमिगतच होता. सही केलेल्या कराराचा भंग न होता तो करता आला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९६३ मध्ये महासत्तांनी स्वतःसाठी उघडे ठेवलेले दार इतरांसाठीही उघडेच होते.

विज्ञान मात्र थांबले नव्हते. भूमिगत चाचण्या ओळखण्यासाठी अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या आरंभी जगभर एकसारख्या भूकंपमापकांचे जाळे उभारले. त्यातील एक केंद्र पुण्यात होते. (पुढे भूपट्ट-विवर्तनाचा सिद्धांत सिद्ध करण्यास याच जाळ्याच्या नोंदी उपयोगी पडल्या. बॉम्ब शोधण्यासाठी लावलेल्या यंत्रांनी खंडांची हालचाल उलगडावी, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक गंमतच म्हटली पाहिजे.) कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे १९६५ मध्ये ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची मालिका उभी राहिली. मुंबईच्या तुर्भे येथील, आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे तिचे काम होते. दूरवरच्या चाचण्या ओळखण्याचे ज्ञान भारताजवळही तेव्हापासून होते.

तपासनीसांना दार बंद ठेवणाऱ्या सोव्हिएत संघाने जुलै १९८६ मध्ये एका अमेरिकी स्वयंसेवी संस्थेच्या शास्त्रज्ञांना सेमिपालातिन्स्कच्या परिसरात भूकंपमापके बसवू दिली. ज्या मुद्द्यावर १९६३ मध्ये सर्वंकष बंदी अडली होती, तो येथे निम्मा निकालात निघाला होता. तरीही अमेरिका चाचण्या थांबविण्यास तयार झाली नाही. शस्त्रसाठा विश्वासार्ह ठेवण्यासाठी चाचण्या आवश्यक आहेत, हे कारण आता उघडपणे सांगितले जाऊ लागले. हेच कारण १९५८ मध्येही होते. मात्र तेव्हा भूकंपशास्त्राच्या आडोशाने काम भागत होते. सोव्हिएत बाजूही अंतर्गत दडपणाखाली आली. १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव्ह यांच्या नेतृत्वाखाली कझाकस्तानात मोठे जनआंदोलन उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी सेमिपालातिन्स्कचे क्षेत्र बंद झाले.

१९९६ : भारताची भूमिका

१९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्वंकष बंदीच्या वाटाघाटींचा ठराव आला तेव्हा भारत व अमेरिका हे दोघेही सहप्रस्तावक होते. जानेवारी १९९४ मध्ये जिनिव्हात वाटाघाटी सुरू झाल्या. जून १९९६ मध्ये भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी प्रस्तावित स्वरूपातील करारावर भारत सही करणार नाही, असे स्पष्ट केले. अण्वस्त्रे नष्ट करण्यास कालमर्यादा नाही, संगणकीय प्रतिरूपे व प्रयोगशाळेतील प्रयोग यांद्वारे शस्त्रविकास चालूच राहील, हे भारताचे मुख्य आक्षेप होते. शिवाय ४४ विशिष्ट राष्ट्रांनी मान्यता दिल्याशिवाय करार अमलात येणार नाही, या कलमाने भारतावर दडपण आणले जात होते. १० सप्टेंबर १९९६ रोजी आमसभेने १५८ विरुद्ध ३ मतांनी करार स्वीकारला. विरोधात भारत, भूतान व लिबिया होते.

या आक्षेपांत तथ्य होते. अमेरिकेने चाचण्या सोडताना शस्त्रसाठ्याच्या देखभालीचा मोठा वैज्ञानिक कार्यक्रम हाती घेतला होता, हे उघड आहे. परंतु आपल्याकडील लेखनात भारताची भूमिका केवळ तत्त्वनिष्ठ म्हणून रंगविली जाते, ते प्रस्तुत लेखकास मान्य करता येत नाही. पोखरण येथे चाचणीची तयारी चालू असल्याचे अमेरिकी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून डिसेंबर १९९५ मध्येच उघड झाले होते आणि मे १९९८ मध्ये त्या चाचण्या झाल्या. १९५४ मध्ये चाचणीबंदीला निःशस्त्रीकरणापासून वेगळे करणाऱ्या देशाने १९९६ मध्ये निःशस्त्रीकरणाशिवाय चाचणीबंदी नको, असे म्हणावे, याचे एक कारण तत्त्वात आहे आणि दुसरे पोखरणच्या विवरात. महासत्तांनी भूकंपशास्त्राचा आडोसा घेतला, भारताने निःशस्त्रीकरणाचा. दोन्ही आडोसे पोकळ नव्हते, म्हणूनच ते टिकले. १९९८ नंतर भारताने स्वेच्छेने चाचण्या स्थगित ठेवल्या आहेत. सही मात्र केलेली नाही.

करारानंतर

अमेरिकी सिनेटने १३ ऑक्टोबर १९९९ रोजी करारास मान्यता नाकारली. रशियाने २००० मध्ये दिलेली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली. परिणामी करार अद्याप अमलात आलेला नाही. त्याची यंत्रणा मात्र कार्यरत आहे. नियोजित ३२१ देखरेख केंद्रांपैकी बहुतेक उभी राहिली आहेत. भूकंपलहरी, समुद्रातील ध्वनी, हवेतील अतिमंद कंपने आणि किरणोत्सारी कण यांच्या नोंदी ती घेतात. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने केलेली एक किलोटनपेक्षाही कमी शक्तीची चाचणी अपुऱ्या अवस्थेतील या जाळ्याने टिपली. १९५८ च्या तज्ज्ञांना पाच किलोटनची मर्यादाही कठीण वाटत होती.

ज्या प्रत्यक्ष स्थळ-तपासणीच्या संख्येवरून १९६३ मध्ये सर्वंकष बंदी हुकली, तिची तपशीलवार तरतूद या करारात आहे. ५१ सदस्यांच्या कार्यकारी परिषदेत ३० मते मिळाल्यास तपासनीसांचे पथक संशयित जागी जाऊ शकते. २००८ मध्ये सेमिपालातिन्स्कच्या ओसाड मैदानावर आणि २०१४ मध्ये जॉर्डनमध्ये अशा तपासणीची रंगीत तालीमही पार पडली. परंतु करार अमलात नसल्यामुळे खरी तपासणी मागण्याचा अधिकार आजही कोणत्याही राष्ट्राला नाही.