आधीच गंजलेला चुंबक

खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीत प्रवाळाचे तुकडे ठेवण्यासाठी काचेला आतून छोटी फळी लावतात. भरलेल्या टाकीच्या काचेला भोक पाडता येत नाही आणि तिच्यात सिलिकॉनही नीट धरत नाही. म्हणून फळीच्या पाठीला एक चुंबक आणि काचेच्या बाहेरून त्याचा जोडीदार, अशा जोडीवर ती तोललेली असते. बाहेरचा चुंबक कोरडा राहतो. आतला मात्र वर्षानुवर्षे मिठाच्या पाण्यात बुडून असतो, आणि टाकीतले जीव जगतात की मरतात हे काही वेळा त्याच्यावर ठरते. कोणता चुंबक तिथे चालतो, हे चुंबक कसे बनत गेले ते पाहिले की कळते.

माणसाने वापरलेला पहिला चुंबक म्हणजे मॅग्नेटाइटचा दगड. लोखंड आणि ऑक्सिजन यांचे ते संयुग. लोखंडाला गंज चढतो तेव्हा ते ऑक्सिजनशीच जोडले जाते. या दगडातले लोखंड आधीच जोडलेले असते, त्यामुळे त्याला आणखी गंजायला फारसे काही उरत नाही. या घराण्याचा एक नातेवाईक नागपूर जिल्ह्यात सापडला. मनसर-रामटेक भागात १९०० च्या सुमारास मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले एल. एल. फर्मोर यांनी या पट्ट्याचा अभ्यास करून १९०९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेलडोंगरीच्या खाणीतल्या, जोरदार चुंबकत्व असलेल्या एका करड्या खनिजाला त्यांनी आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांचे नाव देऊन ‘व्रेडेनबर्गाइट’ म्हटले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की हे एक खनिज नसून दोन खनिजांची वीण आहे: जेकबसाइट आणि हॉसमनाइट. जेकबसाइट म्हणजे मँगनीज, लोखंड आणि ऑक्सिजन. कारखान्यात हेच बनवले तर त्याला मँगनीज फेराइट म्हणतात.

बेलडोंगरीच्या या दगडाचा चुंबक म्हणून कोणी उपयोग केला नाही. नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या मँगनीजची खरी मागणी पोलादाच्या भट्ट्यांना होती. १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून १९६२ मध्ये स्थापन झालेल्या, नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉयल’ या खाण कंपनीपर्यंतचा बहुतेक व्यवहार त्याच गिऱ्हाइकासाठी चालला.

चुंबक बनवणाऱ्यांची नजरही तेव्हा पोलादावरच होती. जपानमध्ये कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्टयुक्त पोलादाचा जोरदार चुंबक तयार केला. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंडात निकेल आणि ॲल्युमिनियम मिसळले. त्यातून पुढे अल्निको घडला, ज्यात कोबाल्ट आणि बहुधा तांबेही असते. हे सगळे धातू, म्हणजे खाऱ्या पाण्याचे भक्ष्य. याच काळात, १९३० मध्ये, तोक्योत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी धातूऐवजी ऑक्साइडचा चुंबक बनवला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने बेरियम फेराइट आणला. लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी बेरियमच्या क्षारासोबत मिसळून, दाबून, कुंभाराप्रमाणे भट्टीत भाजायची, एवढीच त्याची कृती. स्पीकरच्या पाठीमागची काळी चकती हाच फेराइट. तो ठिसूळ आहे, जोर बेताचा आहे, पण बेलडोंगरीच्या दगडाप्रमाणे तोही आधीच गंजून बसलेला आहे.

समुद्री मत्स्यालयांना धातूचे वैर फार आधीपासून माहीत होते. फिलिप गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ चे. त्या काळापासून शंभरेक वर्षे टाक्या धातूच्या चौकटीत काचा बसवूनच बनत, आणि खारे पाणी त्या चौकटी खाई. १९६० च्या दशकात सिलिकॉन आले आणि चौकटीची गरजच संपली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले ते त्याआधीच्या जमान्यात. घरात जिवंत खडक ठेवून रीफ जगवण्याची पद्धत इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांच्या १९६१ च्या लेखनाने पुढे आली. तोवर धातूमुळे मासे आजारी पडत असतील, पण मासा पुष्कळ सोसतो. प्रवाळ, कोळंबी, शंख हे जीव तांब्याच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतात. माशांच्या परजीवींवर तांब्याचेच औषध दिले जाते. ते रीफ टाकीत कधीच घालत नाहीत, ते याच कारणाने.

धातू असा हद्दपार झाला आणि मग चुंबकाच्या रूपाने परत आला. १९८३ मध्ये जपानच्या सुमितोमोतले मासातो सागावा आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समधले जॉन क्रोट यांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा चुंबक स्वतंत्रपणे जाहीर केला. फेराइटच्या दसपट ऊर्जा तेवढ्याच आकारात मिळू लागली. जाड काचेतून फळी पेलणे यामुळेच सोपे झाले. पण हा चुंबक कण-कण चिकटवून बनतो, आणि कणांच्या सांध्यांत निओडिमियमचे प्रमाण जास्त असते. खारे पाणी आधी तिथे शिरते, सांधे उकलतात आणि चुंबकाची तपकिरी भुकटी होते. ते टाळायला त्यावर मुलामा देतात. सर्वाधिक प्रचलित मुलामा निकेल, तांबे, पुन्हा निकेल असा तीन थरांचा असतो. चकचकीत दिसणाऱ्या त्या कातडीत, म्हणजे, प्रवाळाला मारणारे तांबे मधोमध ठेवलेले असते. एक ओरखडा पुरतो.

नागपूरकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दर उन्हाळ्यात माळ्यावरून उतरवलेल्या कूलरची लोखंडी टाकी रंग उडालेल्या ठिकाणीच आधी फुटते, आणि तिच्यात तर गोडे पाणी असते. मुंबई रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर दूर, म्हणून इथले समुद्राचे पाणी पिशवीतल्या मिठापासून बनते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने ३०० लिटरच्या टाकीत साडेदहा किलो क्षार विरघळलेले असतात. पाणी बदलणे म्हणजे मीठ विकत घेणे, त्यामुळे एकदा आत गेलेला धातू लवकर बाहेर पडत नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात बाष्पीभवन इतके होते की रोज गोडे पाणी न घातल्यास उरलेले पाणी आणखी खारट होते. शिवाय कायदाही आहे: कठीण सांगाड्याची प्रवाळे आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फळीवर ठेवायचे ते या यादीत न येणारे जीवच असू शकतात.

पाण्यातल्या बाजूसाठी दोनच मार्ग उरतात. एक, फेराइट, तोही शक्यतो आवरणात, कारण त्याचे टवके उडतात. पातळ काचेवर हलक्या फळीला तो पुरतो. दुसरा, निओडिमियम, पण अॅक्रिलिक किंवा इपॉक्सीत सर्व बाजूंनी कोंडलेला. नुसता रंग, रबराचा पातळ थर किंवा उष्णतेने आवळणारी नळी पुरत नाही; मीठ टोकातून शिरते. जोड नजरेने तपासून, चुंबक काही आठवडे वेगळ्या बरणीत खाऱ्या पाण्यात ठेवून पाहता येतो.

वेष्टनावर लिहिलेला जोर जाड लोखंडी पट्टीला सरळ ओढून मोजलेला असतो. टाकीत मधे काच आणि प्लास्टिक येते, अंतर वाढताच पकड झपाट्याने घटते, आणि फळी ओढली न जाता खाली घसरते. घसरायला त्याहून पुष्कळ कमी जोर पुरतो. शेवाळाची निसरडी साय मधे आली तर आणखी कमी, म्हणून काच आधी खरवडून घेतात आणि चुंबकाला रबरी पातळ चकती लावतात. दगड पाण्यात हलका असतो. पाणी बदलताना पातळी फळीखाली गेली की पूर्ण वजन एकदम चुंबकावर येते, आणि फळी तेव्हा पडू शकते. आतला चुंबक गंजू लागला की गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, आवरण फुगते, मग कडेला तपकिरी रेघ दिसते. असा चुंबक पुन्हा रंगवून वापरत नाहीत. तो काढून टाकतात, थोडे पाणी बदलतात आणि धातू शोषणारे गाळण-माध्यम घालतात.