नियती, कर्म आणि पुरुषार्थ : कोंडाण्याच्या लेण्यापासून इर्शाळवाडीपर्यंत

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघालेला प्रवासी कोंडाणे गाव ओलांडून रानात शिरतो, तेव्हा थोड्या चढणीनंतर त्याच्यासमोर एक भव्य चैत्यगृह उभे राहते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील हे बौद्ध लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. दर्शनी भागातील एका शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीतील छोटासा लेख आहे. कान्ह याचा शिष्य बालक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. कोणा राजाची स्तुती नाही, दैवाचा उल्लेख नाही. करणाऱ्याचे नाव आणि त्याने ते केले, इतकेच तेथे नोंदले आहे.

बालकाने छिन्नी चालविली त्याच्या काही शतके आधीपासून भारतवर्षात एक मोठा वाद चालू होता. मनुष्य करतो म्हणून घडते की घडायचे असते म्हणून मनुष्य करतो, हा तो वाद. श्रमण परंपरेतील बौद्ध, निर्ग्रंथ आणि आजीविक या तिन्ही संघांनी त्यावर आपापली उत्तरे दिली. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. दुःख कोसळलेल्या माणसाच्या दारात उभे राहून काय बोलावे, हे त्याच्या निर्णयावर अवलंबून होते.

कोंडाण्याच्या परिसराला या प्रश्नाची पुन्हा आठवण झाली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वाडीवर डोंगराचा कडा कोसळला. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. मदतकार्याची पथके भर पावसात, निसरड्या पायवाटेने चढून गेली. त्या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले. सत्तावीस मृतदेह हाती आले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. आश्रमशाळेत शिकण्यास गेलेली काही मुले वाचली, परंतु त्यातील कित्येकांचे आईवडील राहिले नाहीत.

त्यानंतरच्या दिवसांत बाजारपेठेत, रेल्वेच्या डब्यात आणि उपाश्रयाच्या पायरीवरही एकच वाक्य ऐकू येत होते, ते म्हणजे ‘नशिबात होते’. आपल्या समाजात त्याला जोड मिळाली ती ‘ज्याचे त्याचे कर्म’ या उद्गाराची. ही दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत काय आणि दुसरे वाक्य खरोखर जिनशासनाचे आहे काय, याचा शोध इतिहासात घेणे उचित ठरेल.

नियतिवादाचा मुख्य प्रवक्ता म्हणजे मंखलिपुत्र गोशालक. श्वेतांबर आगमांनुसार साधनाकाळात तो भगवान महावीरांच्या समवेत सुमारे सहा वर्षे राहिला. आवश्यक सूत्राच्या व्याख्यासाहित्यात एक प्रसंग येतो. काही गुराखी वाटेत खीर शिजवीत होते. हे भांडे फुटणार, असे भाकीत झाले. गुराख्यांनी भांडे कामट्यांनी घट्ट बांधले, तरीही तांदूळ फुगून ते फुटले. गोशालकाने त्यावरून सिद्धांत काढला की जे व्हायचे ते होतेच आणि प्रयत्न व्यर्थ आहे. भांड्यात तांदूळ प्रमाणाबाहेर होते, या साध्या कारणाकडे त्याचे लक्ष गेले नाही. त्याच्या आजीविक संघाचा प्रभाव मात्र मोठा होता. सम्राट अशोकाने बिहारमधील बराबर टेकड्यांतील गुंफा आजीविकांना दिल्याचे शिलालेख आजही तेथे वाचावयास मिळतात. आज तो संप्रदाय अस्तित्वात नाही. पण त्याचे तत्त्वज्ञान बाजारातील बोलीत टिकून आहे.

भगवंतांचे उत्तर उपासकदशांग सूत्राच्या सातव्या अध्ययनात आले आहे. पोलासपूरचा सद्दालपुत्र हा संपन्न कुंभार आजीविक मताचा उपासक होता. त्याची भांडी उन्हात वाळत असताना भगवंतांनी विचारले की ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? तो उत्तरला, प्रयत्नाविना, सर्व काही नियत आहे. तेव्हा भगवंतांनी पुढे विचारले की कोणी ही भांडी चोरली, फोडली किंवा तुझ्या पत्नीशी गैरवर्तन केले, तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला, त्याला बांधीन, मारीन, प्रसंगी प्राणही घेईन. भगवंतांनी दाखवून दिले की सर्व नियत असेल, तर चोर हा चोर उरत नाही आणि शिक्षेलाही आधार राहत नाही. कुंभाराला आपली चूक उमगली आणि तो श्रावक झाला. नियतिवादाने सर्वप्रथम नाश होतो तो जबाबदारीचा, हे या संवादाचे मर्म होय.

येथे शंका निघते की मग कर्मसिद्धांत म्हणजे नियतीचेच दुसरे नाव नव्हे काय? तसे नाही. जैन आचार्यांनी कोणत्याही घटनेमागे काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे मानली. यातील एकालाच सर्वस्व मानणे म्हणजे एकांत आणि एकांत हे मिथ्यात्व, असे आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात निक्षून सांगितले. बांधलेले कर्मसुद्धा दगडावरची रेघ नव्हे. त्याची स्थिती व तीव्रता कमी-अधिक होऊ शकते आणि तपाने त्याची निर्जरा होते. केवळ निकाचित कर्म भोगावेच लागते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पूर्वकर्म ही चोपडीतील मागील बाकी आहे. ती नाकारता येत नाही, पण वर्षाचा संपूर्ण व्यवहार तिच्यावर ठरत नाही.

तत्त्वार्थसूत्राचा दुसरा अध्याय याहून पुढे जातो. देव, नारकी, चरमशरीरी इत्यादी थोड्या जीवांचे आयुष्य कमी होऊ शकत नाही. इतरांचे आयुष्य मात्र विष, शस्त्र, अग्नी यांसारख्या बाह्य निमित्तांनी अकाली संपू शकते, असे तेथे मानले आहे. कोसळणारा कडा हे असेच निमित्त होय. ‘त्यांची घटका भरली होती’ हे वाक्य म्हणूनच शास्त्राला धरून आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही.

पाच कारणांच्या प्रकाशात इर्शाळवाडीकडे पाहता काय दिसते? काल होता आषाढ सरल्यानंतरच्या मुसळधार पावसाचा. पाणी मुरलेली माती तीव्र उतारावर घसरते, हा तिचा स्वभाव. पुरुषार्थाचे काय? ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावात १५१ माणसे गाडली गेली होती आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले होते. धोका अज्ञात नव्हता. जेथे पुरुषार्थ कमी पडला, तेथे कर्माचे नाव पुढे करणे म्हणजे गोशालकाच्या भांड्याकडे पुन्हा बोट दाखविणे होय.

सामुदायिक मृत्यूची चर्चा निघताच सगर चक्रवर्तींच्या साठ हजार पुत्रांची कथा सांगितली जाते. अष्टापदाच्या रक्षणासाठी खंदक खणणारे ते पुत्र नागेंद्राच्या क्रोधाने एकाच वेळी भस्म झाले. पूर्वभवी ते चोरांच्या गावात होते आणि त्यांनी यात्रेकरू संघाला लुटू पाहण्याचे पाप केले होते, असे कारण कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात दिले आहे. कथा खरी मानावी. मात्र हे कारण सांगणारा कोण होता, हे विसरू नये. ते केवळज्ञानी होते. ज्याला स्वतःचा मागील भव ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या मागील भवाचा हिशेब मांडणे हा अनधिकार होय. त्यातही समोरचा माणूस मातीखालून आपले लेकरू शोधत असेल, तर ते क्रौर्य ठरते.

कर्मसिद्धांताचा योग्य उपयोग भगवंतांच्या चरित्रातच दिसतो. एका गोपालकाने त्यांच्या कानांत काष्ठशलाका ठोकल्या. त्रिपृष्ठ वासुदेवाच्या भवात सेवकाच्या कानात तप्त रस ओतविल्याचे ते फळ होते. भगवंतांनी ते समभावाने सोसले. परंतु सिद्धार्थ नावाच्या वणिकाला ती वेदना कळली, तेव्हा त्याने ‘यांचे कर्म’ म्हणून पाठ फिरविली नाही. त्याने खरक वैद्यास सोबत घेतले आणि दोघांनी त्या शलाका काढल्या. स्वतःच्या दुःखात कर्माचे स्मरण करावे, दुसऱ्याच्या दुःखात वैद्य आणावा, ही शिकवण एका व्यापाऱ्याच्या हातून नोंदली गेली, हे आपल्या समाजाने विशेष ध्यानी ठेवावे. अनुकंपा हे सम्यक्त्वाच्या पाच लक्षणांपैकी एक आहे, ते याच अर्थाने.

कोंडाण्याच्या वरच्या अंगाला, घाट चढून मावळात गेल्यावर पाले गावाजवळ आणखी एक प्राचीन गुंफा आहे. अरिहंतांना नमस्कार करून आरंभ होणारा तेथील ब्राह्मी लेख हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे आणि पाण्याची पोढी खोदविली, असे त्यात म्हटले आहे. या घाटवाटांवरून त्या काळी तांडे चालत. तहान कोणाच्या कर्माने लागली, हे त्या लेखात कोठेही विचारलेले नाही. पाण्याची सोय केली, एवढे मात्र कोरून ठेवले आहे.

पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर आपल्या ट्रस्टने पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना हाच लेख समोर ठेवावा. पाऊस दरवर्षी येणार आहे. डोंगराच्या कुशीत अजून अनेक वाड्या आहेत. त्यांच्या भाळी काय लिहिले आहे, हे वाचण्याचे सामर्थ्य आपणांपैकी कोणातही नाही. पोढी खोदण्याचे सामर्थ्य मात्र आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.